अश्वशक्तीचा वजनकाटा

कडेगावच्या पेठेत ‘एचपी’ हा शब्द मोटारगाडीच्या आधी विहिरीवरच्या मोटारीबरोबर आला. पाचची बसवावी की साडेसातची, पाणी किती खोल आहे, पाइपलाइन किती लांब न्यायची आहे, या प्रश्नांची उत्तरे पंपाच्या दुकानात बसलेला व्यापारी कागद न घेताही देऊ शकतो. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांकडे नेले जाते. त्या साऱ्या योजनेचा जीव अश्वशक्तीत आहे. एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने शेतीपंपांना मोफत वीज दिली, तेव्हा साडेसात अश्वशक्ती हीच लाभाची सीमारेषा ठरली. शेजारच्या पलूस तालुक्यात, जेथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, त्या किर्लोस्करवाडीचे पंप तर या भागातील दोन-तीन पिढ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा अश्वशक्ती म्हणजे काय, हे या परिसराला शिकवावे लागत नाही. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याचे सामर्थ्य, ती एक अश्वशक्ती. दहा अश्वशक्तीचा पंप, घर्षणाची घट सोडून दिली, तर सेकंदाला साडेसातशे लिटर पाणी एक मीटर चढवील, किंवा पंच्याहत्तर लिटर पाणी दहा मीटर चढवील.

हे माप जन्मले तेच मुळी विक्रीसाठी. जेम्स वॅट यांना वाफेची यंत्रे खपवायची होती आणि गिऱ्हाईक घोड्यांवर काम करून घेत होते. ‘हे यंत्र किती घोड्यांचे काम करील?’ या व्यापारी प्रश्नाला त्यांनी आकड्यात उत्तर दिले आणि ते उत्तर जगभर रूढ झाले. विक्रीतून जन्मलेल्या मापाला विक्रीचा दोषही चिकटतो. पंपाच्या बाबतीत तो फार काळ टिकत नाही, कारण नळाला पाणी किती आले ते शेतकऱ्याला दिसते. गाडीच्या बाबतीत मात्र माहितीपत्रकावर छापलेली अश्वशक्ती आणि इंजिनात फेरबदल करून देणाऱ्याने तोंडी सांगितलेली अश्वशक्ती, दोन्ही तपासण्याचे साधन सामान्य गिऱ्हाइकाजवळ नसते. घरातील तरुण मुलगा ‘इंजिनची ताकद वाढवून घेतो’ म्हणून पैसे मागतो, तेव्हा वडील विचारतात, ‘त्याने होणार काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याला नेमके उत्तर आहे, आणि ते उत्तर ड्रॅग शर्यतीच्या मैदानावर सापडते.

ड्रॅग शर्यत ही मोटारींच्या शर्यतींतील सर्वांत साधी. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट अर्थात ४०२ मीटर, धावायचे. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती नियमितपणे भरू लागल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्यापूर्वी हाच खेळ तरुण मुले भर रस्त्यावर खेळत आणि मरत. त्यांना रस्त्यावरून उचलून मैदानावर आणणे हा त्या संघटनेचा मूळ हेतू होता. महाराष्ट्रातही हा खेळ असाच धावपट्टीच्या आश्रयाला आला आहे: लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत.

सांगली-साताऱ्याच्या वाचकाला या खेळाची कल्पना यायला बैलगाडा शर्यत पुरेशी आहे. या भागात गाडे आपापल्या चाकोरीतून एकमेकांशेजारी पळतात आणि पुढे जाईल तो जिंकतो. जुन्नर-आंबेगावकडे घाटात एकेक गाडा पळतो आणि त्याचे सेकंद मोजले जातात. ड्रॅग शर्यतीत या दोन्ही रीती एकत्र आल्या आहेत. बैलांना होणाऱ्या यातनांच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, हा सारा प्रवास अनेक घरांनी अस्वस्थ मनाने पाहिला. यंत्राच्या शर्यतीत मुक्या जिवाची यातना नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न मात्र तेथेही आहेच, आणि तो शेवटी येईल.

मैदानावर गाडी एकदा धावली की तिच्या हाती दोन आकडे पडतात. पहिला, निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेला वेळ. दुसरा, अंतिम रेषेपूर्वीच्या शेवटच्या ६६ फुटांत, म्हणजे वीस मीटरांत, गाडीचा सरासरी वेग. या वीस मीटरांच्या दोन टोकांना प्रकाशकिरण सोडलेले असतात. गाडी पहिला किरण तोडते, मग दुसरा, आणि मधल्या क्षणावरून वेग निघतो. गाडी जणू या दोन किरणांच्या सापळ्यात सापडते म्हणून या वेगाला ट्रॅप स्पीड म्हणतात. शर्यत जिंकायची ती वेळेवर. पण इंजिनात किती ताकद आहे ते कळते ट्रॅप स्पीडवरून, आणि येथेच हा विषय व्यापाऱ्याच्या आवडीचा होतो.

हिशेब असा आहे. इंजिन सेकंदामागून सेकंद ठरावीक शक्ती देत आहे असे धरले, तर जितका वेळ गेला तितकी ऊर्जा गाडीत जमा होत जाते. ठेवीत रोज सारखी रक्कम भरावी तशी. पण गाडीची गतिऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीत ताशी ५० च्या गाडीच्या चौपट ऊर्जा साठलेली असते. त्यामुळे वेळ चौपट दिला तर वेग केवळ दुप्पट होतो. आता वेळाऐवजी अंतर ठरलेले असेल, पाव मैलच धावायचे असेल, तर आणखी एक अडचण येते. ताकदवान गाडी ते अंतर लवकर संपवते, आणि लवकर संपवल्यामुळे तिला ऊर्जा भरायला वेळही कमी मिळतो. ही दोन्ही बंधने एकत्र केली की उत्तर निघते: ठरलेल्या अंतराच्या शेवटचा वेग हा दर किलो वजनामागे असलेल्या शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो.

घनमूळ या शब्दाने कोणी बिचकू नये. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त गणिताची जी आठ परिकर्मे सांगितली, त्यांत घन आणि घनमूळ दोन्ही आहेत. दोनाचा घन आठ, म्हणून आठाचे घनमूळ दोन. याचा गाडीच्या भाषेतील अर्थ इतकाच, की ट्रॅप स्पीड दुप्पट हवा असेल तर अश्वशक्ती आठपट लागेल.

अमेरिकेतील मोटार-लेखक रॉजर हंटिंग्टन यांनी मैदानावरच्या आकड्यांवरून हेच सूत्र बसवले आणि १९७३ मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्यामागचे भौतिकशास्त्र मांडले. पुढे पॅट्रिक हेल यांनी त्यातील गुणक थोडा सुधारला. मैल आणि पौंडांची ती सूत्रे किलोमीटर आणि किलोत आणली तर असा व्यवहारी नियम मिळतो: चालकासह गाडीचे एकूण वजन किलोत घ्यावे, अश्वशक्तीला त्याने भागावे, भागाकाराचे घनमूळ काढावे आणि त्याला सुमारे २८५ ने गुणावे, येईल तो ताशी किलोमीटरमधील ट्रॅप स्पीड. हंटिंग्टन यांचा गुणक काढला तर तो २७८ च्या आसपास पडतो, हेल यांचा २८९ च्या. मधला आकडा घरच्या हिशेबाला पुरेसा आहे.

चालकासह १००० किलो वजनाची गाडी घ्या. शंभर अश्वशक्तीवर तिचा ट्रॅप स्पीड ताशी सुमारे १३२ किलोमीटर येतो. शक्ती दोनशे केली की १६७. तीनशेवर १९१, चारशेवर २१०. आठशे अश्वशक्तीवर तो २६५ होतो, म्हणजे पहिल्याच्या बरोबर दुप्पट. पहिल्या शंभर अश्वशक्तीने १३२ किलोमीटर दिले, दुसऱ्या शंभराने ३५, तिसऱ्याने २४, चौथ्याने १९. भांडवल तेवढेच आणि उतारा मात्र दर वेळी कमी. अशा धंद्यात कोणता व्यापारी पैसा ओतत राहील? तरीही इंजिन ‘वाढवून’ देणाऱ्यांचा धंदा चालतो, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला अश्वशक्तीचा आकडा सांगितला जातो, वेगाचा सांगितला जात नाही. दहा टक्के शक्ती वाढवली असे ऐकायला भारदस्त वाटते. घनमुळाच्या नियमाने त्यातून ट्रॅप स्पीड वाढतो सव्वातीन टक्के, म्हणजे १३२ चा १३६.

आता एक प्रश्न उरतो. वरचे सूत्र शुद्ध गणिताने मांडले, इंजिनाची छापील शक्ती पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत पूर्णपणे चाकांना मिळते असे धरले, तर गुणक २८५ येत नाही. तो ३४७ येतो. या दोन गुणकांच्या गुणोत्तराचा घन केला तर ०.५५ मिळतात. याचा सरळ अर्थ असा, की छापील शंभर अश्वशक्तींपैकी सरासरी पंचावन्नच गाडीला वेग देण्याच्या कामी लागतात. उरलेल्या पंचेचाळीस कोठे जातात हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

काही गिअरबॉक्समध्ये आणि चाकांपर्यंतच्या दांड्या-दात्यांत उष्णता होऊन जातात. साधारणपणे दहा ते पंधरा टक्के घट येथे धरतात. काही हवेला बाजूला सारण्यात जातात आणि वेग वाढेल तशी ही घट भराभर वाढते. काही फिरणाऱ्या भागांना, म्हणजे चाके, टायर, फ्लायव्हील यांना, फिरवण्यातच खर्ची पडतात. पण मोठा वाटा निराळाच आहे. इंजिन आपली छापील शक्ती एका ठरावीक फेऱ्यांवरच देते. त्याच्या अलीकडे कमी, पलीकडे कमी. गिअर बदलताना तर क्षणभर शून्य. आणि अगदी सुरुवातीला, गाडी जागची हलते त्या सेकंदात, टायर आणि डांबर यांची पकड जितकी शक्ती घेऊ शकते तितकीच कामी येते; बाकीची टायर जाळण्यात जाते. छापील शक्ती आणि कामाची शक्ती यांतील हे अंतर मालाच्या छापील किमतीसारखे आहे: दोन्ही आकडे खरे, पण हिशेब ज्यावर होतो तो दुसरा.

वर वेळ आणि वेग असे दोन आकडे सांगितले. त्यांतील वेग अधिक प्रामाणिक साक्षीदार का, तेही आता उलगडते. नवख्या चालकाने सुरुवातीला क्लच चुकीचा सोडला, चाके जागीच फिरली आणि एक सेकंद वाया गेला, तर त्याचा एकूण वेळ जवळजवळ पुरा सेकंदभर वाढतो. पण शेवटचा वेग फारसा घटत नाही, कारण उरलेल्या पावणेचारशे मीटरांत इंजिन आपले काम करीतच असते. म्हणून वेळ वाईट आणि ट्रॅप स्पीड चांगला असेल तर दोष चालकाच्या पायात किंवा टायरात. दोन्ही वाईट असतील तर इंजिनात. गणिताने असेही निघते की सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या दोन-तृतीयांश असावा. आपल्या शंभर अश्वशक्तीच्या गाडीला ताशी १३२ चा ट्रॅप स्पीड असेल तर तिची सरासरी ८८ आणि वेळ साडेसोळा सेकंदांच्या आसपास यायला हवा. वेळ अठरा सेकंद आला आणि वेग मात्र १३२ राहिला, तर गाडीला दोष देण्याचे कारण नाही.

आता उलटा हिशेब. सूत्र दोन्ही बाजूंनी चालते: वजन आणि वेग माहीत असेल तर शक्ती काढता येते. वेगाला २८५ ने भागावे, भागाकाराचा घन करावा आणि वजनाने गुणावे. समजा, चालकासह १२०० किलोच्या गाडीच्या इंजिनात फेरबदल करून ‘आता ही १८० अश्वशक्तीची झाली’ असे कोणी सांगितले. तसे असेल तर मैदानावर ताशी १५१ च्या आसपास वेग यायला हवा. प्रत्यक्षात १३८ आला, तर इंजिनाची शक्ती १३६ च्या जवळपास आहे. चव्वेचाळीस अश्वशक्ती बिलात आहेत, बोनेटखाली नाहीत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली यांतील फरकाने ऊस मोजला जातो आणि मग कोणाच्या अंदाजाला किंमत उरत नाही. ट्रॅप स्पीड हा अश्वशक्तीचा तसाच काटा आहे. काट्यावरचा आकडा एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होईल, गुणकाच्या निवडीनेही शक्तीचा अंदाज थोडा हलेल, पण १३६ चे १८० होणार नाहीत.

या काट्याची दुसरी बाजू वजनाची, आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी जाते. सूत्रात शक्ती वर आहे आणि वजन खाली. दोघांचा अधिकार समान आहे. याच १२०० किलोच्या गाडीत साखरेचे पन्नास किलोचे एक पोते पडून असेल आणि ते उतरवले, तर वेगात जवळजवळ दीड टक्क्याची भर पडते. इंजिनातून तेवढाच वेग मिळवायचा तर सहा अश्वशक्ती वाढवाव्या लागतील. पोते उतरवायला पैसे पडत नाहीत.

हवामानाचाही वाटा आहे. इंजिन इंधनाबरोबर हवा पिते आणि हवा विरळ झाली की साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात उतरते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवर हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. उन्हाळ्याच्या दुपारी चाळीस अंश तापमान असेल तर पंधरा अंशांच्या हवेच्या तुलनेत आणखी आठ टक्के जातात. दोन्ही मिळून शक्तीत तेरा टक्क्यांची तूट, पण घनमुळाच्या कृपेने वेगात ती साडेचार टक्केच दिसते. घनमूळ मिळकत कमी करते तशी तूटही कमी करते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पंपाच्या दुकानदाराला या साऱ्यात ओळखीचे काही दिसेल. अपकेंद्री पंपाचा तोच पंखा दुप्पट फेऱ्यांनी फिरवला तर पाणी दुप्पट येते, चढ चौपट मिळतो आणि शक्ती आठपट लागते. मोटार जळते ती याच आठपटीने. तेथेही घन, येथेही घन. मात्र दोन्ही घनांची कुळे वेगळी आहेत. पंपात तो पाण्याच्या प्रवाहाच्या नियमातून येतो, ड्रॅग शर्यतीत ठरलेल्या अंतरातून. आणि तिसराही एक घन आहे. गाडी लांब सपाट रस्त्यावर कमाल वेगाने धावते तेव्हा जवळजवळ सारी शक्ती हवा कापण्यात जाते आणि त्या शक्तीची गरजही वेगाच्या घनाने वाढते. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच दिसते म्हणून कारण एकच असे समजणे चुकीचे ठरेल.

या तिसऱ्या घनामुळेच आपला नियम एका ठिकाणी लंगडा पडतो. घराघरांत असलेली स्कूटर घ्या: आठेक अश्वशक्ती, चालकासह वजन १७५ किलो. सूत्र तिला ताशी १०० किलोमीटरचा ट्रॅप स्पीड बहाल करते. प्रत्यक्षात ती ८०-८५ च्या पुढे रेटत नाही, कारण ताठ बसलेला चालक हवेपुढे भिंतीसारखा उभा असतो आणि आठ अश्वशक्ती त्या भिंतीला ढकलण्यातच संपतात. हे सूत्र जड अमेरिकी मोटारींच्या आकड्यांवर बेतलेले आहे. मोटारीला ते चांगले लागू पडते, दुचाकीला जपून लावावे.

दुसऱ्या टोकाला, जगातील सर्वांत ताकदवान ड्रॅग गाड्यांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या ‘टॉप फ्युएल’ गाड्यांची शक्ती अकरा हजार अश्वशक्तींच्या घरात मानतात आणि वजन टनापेक्षा किंचित जास्त. त्यांचा ट्रॅप स्पीड ताशी ५३० किलोमीटरच्या वर जातो. त्यांच्या बाबतीतही छापील शक्तीतील साधारण निम्मीच वेगात उतरते, हे गणित सांगते. पण या गाड्या आज पाव मैल धावत नाहीत, आणि त्यामागची हकिगत दुःखद आहे. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कलिटा या नामवंत चालकाच्या गाडीचा अंतिम रेषेच्या सुमारास स्फोट झाला. गाडी थांबली नाही आणि धावपट्टीचे टोक ओलांडून आदळली. त्यात कलिटा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच संघटनेने या सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले.

शक्ती कमी करण्याऐवजी अंतर का कमी केले? घनमुळाकडे पाहिले की कळते. ट्रॅप स्पीड जसा शक्तीच्या घनमुळाने बदलतो तसाच तो अंतराच्याही घनमुळाने बदलतो. अंतर जवळजवळ चतुर्थांशाने कमी केले तर वेग नऊ टक्क्यांनी उतरतो. तेवढाच वेग शक्ती कमी करून उतरवायचा असता तर अकरा हजारांतून अडीच हजारांहून अधिक अश्वशक्ती काढाव्या लागल्या असत्या. शिवाय अंतर कमी केल्याने थांबण्यासाठी ९७ मीटर जास्तीची जागा त्याच दिवशी मिळाली. मैदानाची खरी लांबी अंतिम रेषेच्या पुढे असते. पाव मैल धावणाऱ्यासाठी त्याच्यापुढे निदान तेवढीच मोकळी धावपट्टी राखलेली असते, आणि गाडीत अग्निरोधक कपडे, पिंजरा, पट्टे हे सारे असते.

कराड-कडेगाव-विटा या महामार्गावर यांतील काहीही नाही. येथे आपल्या हिशेबाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो पैशाचा नाही. १००० किलोच्या गाडीची शक्ती शंभरावरून दोनशे केली तर पाव मैलाच्या शेवटी तिचा वेग सव्वापट होतो, पण तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे एकोणसाठ टक्क्यांनी वाढते, आणि ब्रेकला तेवढी ऊर्जा जिरवायची असते. ताशी १३२ वरून, चालकाने सेकंदभरात ब्रेक दाबला आणि रस्ता कोरडा असला, तर गाडी थांबायला साधारण १३३ मीटर लागतील. ताशी १६७ वरून सुमारे २०० मीटर. रात्री डिपर दिव्याने साधारण पन्नास मीटर रस्ता दिसतो. गळीत हंगामात त्या पन्नास मीटरांच्या पलीकडे, मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसलेली उसाची ट्रॉली ताशी पंधरा किलोमीटरने चालली असण्याची शक्यता कडेगावच्या कोणाही रहिवाशाला सांगण्याची गरज नाही. इंजिन वाढवणाऱ्याने ब्रेक वाढवले आहेत का, हा प्रश्न वडिलांनी अश्वशक्तीच्या आकड्याआधी विचारावा असा आहे.

कायद्याची बाजू व्यापाऱ्याने तरी नजरेआड करू नये. गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा कलम १८९ खालील गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरते: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. गाडी पेढीच्या नावावर असेल तर मालक कोण, हे ज्याने त्याने आपल्या कागदपत्रांत पाहावे.

विम्याचे कलमही तितकेच स्पष्ट आहे आणि ते फार थोडे लोक वाचतात. मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली संघटित शर्यत, वेगचाचणी असे वापर वगळलेले असतात. म्हणजे रीतसर मैदानावर, सर्व परवानग्यांसह धावणाऱ्या गाडीलाही तिचा नेहमीचा विमा तेथे उपयोगी पडत नाही. आंबी व्हॅलीसारख्या ठिकाणी ज्यांना आपल्या गाडीचा ट्रॅप स्पीड पाहायचा आहे, त्यांनी प्रवेश अर्जासोबतची हमीपत्रे सही करण्याआधी पूर्ण वाचावीत, संयोजकांनी कोणता विमा उतरवला आहे ते लेखी विचारावे, आणि गाडीचे नेमके वजन आदल्या दिवशी काट्यावर करून घ्यावे. चालकासह, टाकीत जेवढे इंधन असणार तेवढ्यासह. वजनाची ती पावती हाती असली की अश्वशक्तीचा उलटा हिशेब घरी बसून मांडता येतो.